नऊ जोड

“सगळं काढत बसू नकोस. सुटलीय ती एकच तार लाव आणि टोपण बंद कर,” बाबा स्टुलावरून म्हणाले आणि तिचं टाळकं सरकलं.

पाणी तपासायच्या लॅबमधला हा कॉम्प्युटर तिच्या लग्नाच्याही आधीचा. त्याच्या पाठीमागच्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टातून एक केबल तपासणीच्या यंत्राकडे जात होती. यंत्र या एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायचं नाही. कालपासून याच्याशीही बोलेना. लॅबवाल्या बाईंनी सकाळीच बजावलं होतं, “ताई, चारला भंगारवाला येतोय. चाललं तर ठीक, नाहीतर दोन्ही उचलून देते. आणि काकांना आणा हं, त्यांनीच बसवलंय हे.” म्हणून बाबांना आणलं होतं. हात थरथरतात, जवळचं दिसत नाही, पण हुकूम सोडायला काय लागतं?

“एकच कशी लावू?” ती म्हणाली. कॉम्प्युटरकडचा कनेक्टर तिने उघडून धरला होता. “काळी तार एक नंबरला हवी, ती पाचला आहे. तपकिरी दोनला हवी, ती चारला. पुढून बघून नंबर मोजले आणि मागून तारा लावल्या. मागून डावं-उजवं बदलतं, एवढीही अक्कल नाही. आणि हे सोल्डर आहे की शेंबूड? कुठल्या गाढवाचं काम आहे हे?”

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

त्यांचं हे गप्प बसणं तिच्या पक्क्या ओळखीचं होतं. चौदाव्या वर्षी तिने एका केबलचं टोक असंच त्यांच्यापुढे ठेवलं होतं. नऊ तारा, नऊ जोड आणि बोटावर टरारून आलेला फोड. गिऱ्हाईक कोण हेही तिला माहीत नव्हतं. पहिलं काम, एवढंच. बाबांनी भिंग लावून पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, “ठेव.” शाब्बास नाही, चुकलंय नाही. सकाळी टेबलावर केबल नव्हती. टेबलाखालच्या कचऱ्याच्या डब्यात मात्र रंगीत तारांचे नऊ तुकडे पडले होते, टोकाला सोल्डर लागलेले. त्या दिवसापासून तिने बाबांना एक गोष्ट विचारली नाही. जुनी मशिनं उकलून, पुस्तकं धुंडाळून, स्वतःचीच बोटं भाजून शिकली. दुरुस्तीचं दुकान पुढे चालवलं तेही बापाच्या नाकावर टिच्चून.

तिने कटर उचलला.

“हात लावू नकोस म्हटलं ना!”

“का? कारण सांगा.”

“मी सांगतोय म्हणून.”

“मग झालंच.”

तिने नऊही तारा कापल्या. पिना साफ केल्या. काळी एकला, तपकिरी दोनला, लाल तीनला, अशी राखाडी नऊपर्यंत आली. प्रत्येक जोड छापल्यासारखा. तिने मुद्दाम ते टोक बाबांच्या नाकासमोर धरलं. दिसत नसलं तरी बघू देत. मग स्क्रू आवळले आणि कॉम्प्युटर चालू केला.

पडद्यावर कर्सर लुकलुकत राहिला. यंत्राकडून एक अक्षर येईना.

“झालं का ताई?” लॅबवाल्या बाईंनी दारातून मान आत घातली. “सव्वातीन झाले.”

“होतंय,” ती ओरडलीच. बाई मान घेऊन गेल्या.

तिने केबल काढून मीटर लावला. या टोकाच्या दोनला सुई टेकवली, तर त्या टोकाला चारवर बीप वाजला. एकला टेकवली, तर पाचवर. म्हणजे यंत्राकडचं टोकही उलटं! पुन्हा त्या गाढवाला शिव्या घालत तिने तिकडचं टोपण उघडलं.

आत नऊ जोड होते. टाचणीच्या डोक्याएवढे, सगळे एका मापाचे. ही कामगिरी कुणाची, हे कळायला तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही. काळी पाचला होती. तपकिरी चारला.

बाबा अंधारात नुसत्या बोटांनी पिना मोजायचे. बाबांची तार एका घराने कधी चुकली नव्हती.

तिला डब्यातले ते नऊ तुकडे आठवले. त्यांच्या टोकांवर बुडबुडे नव्हते, ओघळ नव्हते. बारीक, गोल, एका मापाचं सोल्डर होतं. तेव्हा ते आपलेच समजून तिने नीट पाहिलंच नव्हतं. डोळे भरलेले होते.

“हे तुम्ही उलटं केलंत,” ती म्हणाली.

“आधी सुलटंच केलं होतं. रात्री काढलं आणि तुझ्या टोकासारखं लावलं. दोन्हीकडे सारखं असलं की मशीनला काय फरक पडतो?”

“मग बोलला का नाहीत? अठ्ठावीस वर्षं, बाबा! अठ्ठावीस!”

तिचा आवाज एवढा चढला की लॅबवाल्या बाई पुन्हा दारात आल्या आणि न विचारताच परत फिरल्या.

“बोलायचं काय त्यात?” बाबा म्हणाले. “चालत होतं ना.”

हातातला मीटर त्यांच्या डोक्यात घालावा, असं तिला मनापासून वाटलं.

“आता ऐक,” बाबा म्हणाले. “वेळ आहे अजून. माझं टोक काप आणि सुलटं कर.”

“तुम्ही गप्प बसा. नाहीतरी तेवढंच येतं तुम्हाला.”

तिने बाबांच्या टोकाचं टोपण बंद करून स्क्रू आवळले. मग कटर घेतला, स्वतःचे नऊही चकचकीत जोड कापून टाकले, आणि काळी तार पाचला लावली.