त्यातलं सगळ्यात मोठं

“बार व्हायच्या आधीच दचकतेस, पोरी. आवाज येतो नि जातो. हात जागेवर राहिला पाहिजे.”

सोल्वेग लहान असताना बापाने, आर्नेने, नदीकाठी हे सांगितलं होतं. सांगता सांगता रिव्हॉल्व्हरमधलं गोळीचं एक घर गुपचूप रिकामं ठेवलं होतं. तिने चाप ओढला, बार झालाच नाही, आणि नळी मात्र भीतीने खाली झुकली. किती हसला होता तो!

आज तोच डाव ती त्याच्यावर टाकणार होती.

ड्वेनच्या बंदुकांच्या दुकानात म्हातारा हट्टाला पेटला होता. रोज अस्वलांच्या रानातून ओढ्याने वर, माशांच्या डोहापर्यंत एकट्याने जायचं, तर रोज अंगावर बाळगायला हत्यार हवं. जन्मभर त्याचं लहान रिव्हॉल्व्हरवर भागलं होतं. ते आणि पुढे पुढे पळणारी कुत्री. ती कुत्री हिवाळ्यात मेली. आता त्याला दुकानातलं सगळ्यात मोठं हवं होतं.

“अरे म्हाताऱ्या, अस्वल मारायचंय की आगबोट बुडवायचीय?” ड्वेन म्हणाला. “बरं, लांब नळीचं तरी घे. लांबून नेम लागेल.”

आर्ने त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “लांबचं मला काय करायचंय? आखूड दे. आणि छातीवर बांधायचा पट्टा.”

सोल्वेग कालच बोटीने आली होती. वर्षभर बापाने तिचा फोन उचलला नव्हता. आपलं लग्न मोडलं म्हणून रागावलाय, असं ती धरून चालली होती. तरी आली. म्हाताऱ्याचा हात डळमळत असेल, तर त्याला एकट्याला रानात जाऊ द्यायचं नाही. मग तो जन्मभर न बोलो.

दुकानामागच्या चांदमारीत ड्वेनने आवाज अडवायला दिलेले कानातले बोळे आर्नेने तसेच फळीवर ठेवले. सोल्वेगने पाचांतलं एक घर रिकामं ठेवून रिव्हॉल्व्हर त्याच्या हाती दिलं.

पहिला बार. डोंगर दणाणला. दुसरा. तिसऱ्याला नुसताच घोडा पडला. टक्.

नळी केसभरही हलली नाही.

“खडक आहे नुसता, खडक!” ड्वेन ओरडला.

आर्ने गालात हसला. लेकीचा डाव त्याने ओळखला होता. उरलेले दोन बार उडवून त्याने रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं.

सोल्वेग हरली होती, आणि हरल्याचा तिला आनंदच झाला. “जिंकलात, बाबा,” ती मागून म्हणाली.

तो वळला नाही.

“बाबा!”

ती एवढ्या जोरात ओरडली की देवदारावरचे डोमकावळे उडाले. आर्ने पाठमोरा तसाच उभा.

तिने जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि तो दचकला. पायापासून डोक्यापर्यंत दचकला.

वळून त्याने तिचा चेहरा पाहिला. मग हळूहळू बाकावर बसला.

“दोन हिवाळे झाले, पोरी. काही म्हणता काही ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ बघून भागवतो. फोनवर काय बोलणार होतो तुझ्याशी?” त्याने छातीवरचा पट्टा उगाच सारखा केला. “अस्वल अगदी अंगावर येईल, तेव्हाच मला कळेल. म्हणून मोठं हवं होतं.”