वर्ग भरला तर

"अर्थशास्त्र निवडणारी एकटी तूच आहेस. वर्ग भरला तरच विषय सुरू करता येईल," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

त्या आठवड्यात तिनं मधल्या सुट्टीत डबा उघडलाच नाही. अकरावीच्या सगळ्या तुकड्यांत ती फिरली. परीक्षेच्या तोंडावर झेरॉक्स महाग का होते, सेल लागला की नको ते आपण का घेतो, हे घसा बसेपर्यंत सांगत राहिली. मुलं आधी हसली, मग वाद घालू लागली, मग तिलाच प्रश्न विचारू लागली.

सोमवारी ती अर्थशास्त्राच्या तासाला गेली. सगळे बाक भरलेले! तिलाच बसायला जागा नव्हती.

सरांनी हसत स्वतःची खुर्ची तिच्यापुढं सरकवली. "बस इथं. मागणी वाढली, पुरवठा कमी पडला. आजचा धडा तूच शिकवलास की!"