जोडी नंबर सात

"बाई, तुम्ही परीक्षा घ्यायला आलात?"

समोर बाईंच्याच संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गातली नर्स उभी होती. आपल्याकडचं केंद्र भरलं म्हणून इथला नंबर लागला, असं तीच सांगू लागली. बाईंनी हॉलतिकीट पर्सखाली सरकवलं. पण त्यावरचा फोटो दिसायचा तो दिसलाच. नर्स शेजारी बसली. काहीच पाहिलं नाही असा चेहरा करायची तिला नोकरीमुळे सवय होती.

एकवीस वर्षं जर्मन शिकवणाऱ्या बाईंनी मुद्दाम दोन तासांवरच्या शहरातलं केंद्र घेतलं होतं, ओळखीचं कुत्रंही भेटू नये म्हणून. फक्त नवऱ्याला हे माहीत होतं. इतकी वर्षं लोकांचे पेपर तपासलेस, आता स्वतःचा तपासून घे, असं तो बूट घालता घालता म्हणाला होता. जाऊबाईंना त्यांनी सांगितलं होतं, दाढ दाखवायला जातेय. आता दाढ खरंच ठणकत होती.

संस्थेत नवे संचालक आले होते. त्यांनी नियम काढला, जी परीक्षा विद्यार्थी देतात ती शिकवणाऱ्यांनीही पास व्हायची. महिनाअखेर प्रमाणपत्र टेबलावर, नाहीतर पुढच्या सत्रापासून वर्ग नाही. वर हसत हसत म्हणाले, याला शिक्षा समजू नका, व्यावसायिक विकासाची संधी समजा. संधी म्हणे. ज्या माणसाला त्या भाषेत नमस्काराच्या पुढे जाता येत नाही, तो संधी वाटत फिरतो आणि सगळे माना डोलावतात. बाईंनीही डोलावली होती.

लेखी काल मोठ्या हॉलच्या गर्दीत झाली, बरी गेली. धास्ती तोंडीची होती. वर्गात बाई बोलायच्या ती जर्मन सोपी, सावकाश, घास भरवल्यासारखी. एकवीस वर्षांत बरोबरीने बोलणारं माणूस त्यांना भेटलंच नव्हतं.

दार उघडलं. "जोडी नंबर सात," म्हणत शिपायाने दोन बैठक क्रमांक वाचले.

नर्स उठली. बाईही उठल्या. तोंडीला दोन उमेदवारांनी आपसात बोलायचं असतं, आणि कुणाची जोडी कुणाशी लागेल ते कुणाच्या हातात नसतं.

आत दोन परीक्षक होते. एक बोलणारी आणि एक नुसता लिहिणारा. तिने विषयाचा कागद पुढे केला. एक सहकारी निवृत्त होत आहे, त्याला निरोप कसा द्यायचा ते दोघींनी मिळून ठरवा. बारा मिनिटं. टेबलावरच्या घड्याळाचे आकडे उतरू लागले.

आठवडाभर घोकलेली लांबलचक, भारदस्त वाक्यं बाईंनी जिभेवर आणली. तेवढ्यात समोर नर्सच्या मानेवर लाल चट्टे चढले. ती कागदाकडे टक लावून बघत होती आणि ओठ हलत नव्हते. वर्गातही तिचं हेच व्हायचं.

"फुलं द्यायची की पुस्तक?" बाईंनी विचारलं. आपण काय करतोय हे कळायच्या आत विचारून झालं होतं. अडलेल्यापुढे दोन गोष्टी ठेवायच्या, त्यातली एक तो उचलतोच.

"पुस्तक," नर्स म्हणाली.

"का बरं?"

नर्स पुन्हा अडली. बाईंचा हात वर गेला. दोन बोटांनी त्यांनी ओठांतून न दिसणारा दोरा ओढला, सावकाश, लांब. ही त्यांच्या वर्गातली खूण. थांबायचं नाही, चुकलं तरी ओढत राहायचं.

नर्स बोलू लागली. पुस्तक, कारण फुलं सुकलेली बघायचा तिला वॉर्डात कंटाळा आलाय. मग म्हणाली, भाषणं तर नकोतच, निवृत्त होणाऱ्या माणसाबद्दल लोक तो मेल्यासारखे बोलतात. लिहिणारा परीक्षक खुदकन हसला. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुढचा प्रश्न आणखी चांगला काढला. मग त्याच्या पुढचा.

दीड मिनिट उरलं तेव्हा बोलणारी परीक्षक बाईंकडे वळली. "तुम्ही आतापर्यंत फक्त प्रश्न विचारलेत. आम्हाला तुमचं बोलणं ऐकायचंय. तुमच्या मते निरोप कसा द्यावा?"

बाईंनी लिहिणाऱ्यासमोरच्या नोंदींच्या कागदाकडे पाहिलं. समोरचा कागद उलटा वाचायची त्यांना सवय होती. डावा रकाना गच्च भरला होता. उजव्यात दीड ओळ होती. उजवा त्यांचा.

"मला वाटतं," त्या म्हणाल्या. घोकलेल्यातलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "मला वाटतं की."

लिहिणाऱ्याचं पेन वाट बघत थांबलं. दाढेतली कळ कानापर्यंत चढली. संचालकांचं टेबल, त्यावर सगळ्यांची प्रमाणपत्रं, एक जागा रिकामी. चाळीस सेकंद. तीस.

तेव्हा नर्सने हात वर केला. परीक्षक बघत असताना, सरळ सगळ्यांसमोर. दोन बोटं ओठांशी नेली आणि दोरा ओढला. घाई नाही, खांदा सैल, नजर बाईंच्या नजरेत. लांब, पार टेबलाच्या कडेपर्यंत.

एकवीस वर्षांत ही खूण इतकी नीट कुणालाच जमली नव्हती.

"शाबास," बाई खणखणीत जर्मनमध्ये म्हणाल्या. "अगदी बरोबर."

घड्याळ वाजलं.