तिसरी सही

एलिसेओने दार उघडलं, पण साखळी काढली नाही. फटीतून त्याचा एक डोळा तेवढा दिसला. बाहेर नेल्डा प्रुइट उभी आहे हे कळल्यावरही त्याने आधी तिच्या मागचा रस्ता न्याहाळला आणि मगच साखळी काढली.

"अरे, मी आहे. लांडगा नाही," नेल्डा म्हणाली. हसणं मात्र तिलाही जमलं नाही. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

मोज्यांची गिरणी होंडुरासला चालली होती. निम्मी यंत्रं गेली होती, निम्मी जायची होती. काम परदेशी गेल्यामुळे ज्यांची नोकरी जाते त्यांना सरकार मदत देतं: भत्ता, नव्या कामाचं शिक्षण, आजारपणाच्या विम्याला हातभार. त्यासाठी तिघा कामगारांनी अर्जावर सह्या करायच्या. पण नोकरी जाऊन वर्षाच्या वर झालेलं चालत नाही. नेल्डा, एलिसेओ आणि आणखी एकवीस जणांना पहिल्या तुकडीत काढलं, त्याला आज वर्ष भरत होतं. पाचच्या आत अर्ज फॅक्सने गेला नाही, तर या तेवीस जणांच्या हाती भोपळा.

नेल्डाचा नवरा हॉयट दिवसरात्र ऑक्सिजनच्या नळीवर होता. विमा संपला तर त्या नळीचं काय, या धास्तीने महिनाभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सह्या दोनच झाल्या होत्या. एक तिची, एक तिच्याबरोबरच काढलेल्या ऑर्लीनची. बाकी प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी अजून गिरणीत कामाला होतं, आणि सही करणाऱ्यांची माणसं आधी घरी जातील असं मुकादमाने सांगून ठेवलं होतं. सकाळपासून नेल्डाने वीस दारं वाजवली. कुणाचा हात दुखत होता, कुणाचा चष्मा सापडत नव्हता. आता एकटा एलिसेओ उरला होता.

त्याने कागद उभ्याउभ्याच वाचला. खोटी माहिती दिल्यास शिक्षा होईल, अशी खाली एक ओळ होती. तिच्यावर त्याचं बोट थांबलं.

"ताई, हा कागद जातो कुठं?"

"वॉशिंग्टनला. मुकादमाच्या हाती नाही लागत, घाबरू नकोस."

"वॉशिंग्टनला," असं म्हणून तो खाली बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. शेगडीपाशी त्याची बायको लिडिया मक्याच्या पोळ्या भाजत होती. तिचा हात थांबला. तव्यावरची पोळी करपायला लागली, तरी तिने ती काढली नाही.

"दुसरं कुणीच नाही का, ताई?"

नेल्डाचा तोल गेला. "दुसऱ्यांची माणसं आत आहेत! तुझं कोण आहे आत? तुला कसली रे भीती? बेकारभत्त्याच्या रांगेत तू एकदाही आला नाहीस, तेव्हा मी म्हटलं, मानी माणूस आहे. मानी कसला, भागूबाई आहेस नुसता! सतरा वर्षं शेजारच्या यंत्रावर उभा राहिलास. हॉयटने तुझी गाडी तीनदा दुरुस्त करून दिली. त्याचा श्वास बंद पडेल तेव्हा फुलं घेऊन येशील ना?"

बोलल्याबरोबर तिची तिलाच लाज वाटली. पण शब्द तिने मागे घेतले नाहीत. भीतीने माणसाची जीभ अशीच वाईट होते.

एलिसेओने बायकोकडे पाहिलं. लिडियाने मान हलवली. नाही. पुन्हा एकदा, नाही. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"पेन आहे?" त्याने विचारलं.

एकेक अक्षर सावकाश काढत त्याने सही केली. लिडियाने शेगडी बंद केली, स्टुलावर चढली आणि भिंतीवरचा त्यांच्या लग्नाचा फोटो उतरवला. बाई रागावली, असं नेल्डाला वाटलं.

"हॉयटला जप, ताई," एलिसेओ दारात म्हणाला. नेल्डा तोवर पायऱ्या उतरून धावत सुटली होती. फॅक्स पाचला आठ कमी असताना गेला.

सात आठवड्यांनी मदत मंजूर झाली. चर्चच्या तळघरात सरकारी अधिकारीणबाई एकेकाचं नाव पुकारत होत्या. एलिसेओ कांतू हे नाव आलं तेव्हा कुणीच उठलं नाही. त्याच्या घराला कुलूप होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मुकादमाला भ्याला आणि पळाला गडी," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. नेल्डाही हसली. कितीतरी दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता.

माणसं पांगल्यावर अधिकारीणबाई तिच्याजवळ येऊन बसल्या.

"तुमची मदत थांबणार नाही, निश्चिंत राहा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण अर्जावरची नावं आम्ही तपासतो. या नावाचा, या सरकारी ओळख-नंबराचा एलिसेओ कांतू टेक्सासात ट्रक चालवतो. त्याने या राज्यात कधी पाऊलही टाकलेलं नाही. तुमच्या शेजारी होता तो दुसराच कुणी, आणि आता त्याचा शोध सुरू झालाय. आम्हाला कळत नाही ते एवढंच, की सतरा वर्षं दुसऱ्याच्या नावाआड लपून राहिलेला माणूस सरकारी अर्जावर सही करायला धजला कसा? बाई, कुणी त्याच्यावर बळजबरी केली होती का?"