दोन जुड्या पालक

कागद सासूच्या हातात गेला.

करुणा साडी सावरत तपासणीच्या खोलीतून बाहेर आली, तोवर झालंसुद्धा. नर्सनं "सोबत कोण?" विचारलं आणि भामाबाईंनी हात पुढं केला. घरातला प्रत्येक कागद त्यांच्याकडंच जातो. रेशनकार्ड, आधार, लाइटबिल, सगळं एका कापडी पिशवीत. इंग्रजी त्यांना येत नाही. पण कुणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय कागद पिशवीत पडत नाही.

कागदावर इंग्रजीत होतं:

पंधरा दिवसांपूर्वी गर्भपात. सात आठवडे.

आज तांबी बसवली.

गर्भपाताच्या दिवशी करुणा, शहागंजच्या बाजारात अस्तर आणायला जाते म्हणून सांगून, एकटीच या दवाखान्यात आली होती. आज कंबरदुखीचं निमित्त सांगितलं, तर सासू हटून सोबत आली. नवऱ्याला, आकाशला, तिसरं मूल हवं होतं. गर्भनिरोधक साधनाचं नाव काढलं की तो ताटावरून उठायचा. पंधरा रात्री करुणा दोन्ही पोरांच्या मधे झोपली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाळीची वाट बघू नका, त्याआधीही दिवस जातात.

गोळ्या घरात सापडतील. इंजेक्शनला दर तीन महिन्यांनी नवं निमित्त कुठून आणायचं? निरोध, म्हणजे आकाशला विचारणं आलं. तांबी कुणाला दिसत नाही.

कागद दिसतो.

बाकावर कॉलेजातली एक पोरगी बसली होती. तोंडाला स्कार्फ, मांडीवर बॅग.

"ए बाई, शिकलेली दिसतीस. एवढं वाच बरं," भामाबाई म्हणाल्या.

करुणाला ओरडायचं होतं.

पोरीनं कागद वाचला.

पुन्हा वाचला.

वर बघितलं. थेट करुणाकडं.

करुणानं मान हलवली. नाही. एवढीशीच.

"रक्त कमी आहे, आजी," पोरगी म्हणाली. "जड उचलायचं नाही. सहा आठवड्यांनी परत दाखवायचं."

"अन् हे खाली? लई लांबलचक लिव्हलंय."

"ते... पालक खायला सांगितलाय."

"पालक! एवढी शिकलेली डॉक्टरीण, अन् सांगती काय, तर पालक!"

बाकावरचे सगळे हसले.

घराकडं, पडेगावला, जाणाऱ्या रिक्षात दोघीच होत्या. छावणी मागं पडली. मग भामाबाई म्हणाल्या, "त्या पोरीचा हात लई कापत व्हता."

करुणानं नजर रस्त्याकडं वळवली.

"रक्त कमी वाचताना कुणाचा हात कापतो व्हय गं?"

"आत्या, मी..."

"मला कायबी सांगू नको. मला ठावंच नाय, तर कुणाला सांगू?"

बोलण्याचा अर्थ करुणाला लागला नाही; संपलं, एवढंच तिला वाटलं. आता घर. आता आकाश. तिनं रिक्षाची दांडी घट्ट धरली.

भामाबाईंनी पिशवीत हात घातला. कागद काढला. उभा फाडला, आडवा फाडला, मुठीत चुरगळला, आणि पुलावरून खाली नाल्यात भिरकावला. मग पुढं वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

"दादा, त्या भाजीच्या गाड्यापाशी थांब. दोन जुड्या पालक घिऊ दे. घरी आकाशला दिसाय पायजे."