दोन पांढरे ठिपके

"माझ्या बाराही पाट्यांची चित्रं आहेत ना, मावशी? नीट आठवा. माझी नोकरी आहे हो त्यात!"

पाटीसाहेब दारातूनच ओरडले. पार पाचावर धारण बसली होती त्यांची. रस्त्याकडेला पाट्या लावायचं त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना पाटीसाहेबच म्हणत. खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. वर्षभरात त्यांनी बारा नव्या पाट्या लावल्या आणि बाराच्या बारा गायब! खांब जागच्या जागी, पाटीचा पत्ता नाही. वरच्या ऑफिसनं ठरवूनच टाकलं, की ह्या माणसानं पाट्या लावल्याच नाहीत, नुसत्या कागदावर दाखवल्या. उद्या अकराला चौकशी. पुरावा आणा, नाहीतर कायमचे घरी बसा.

चौकातला चहावाला म्हणाला, "छापमावशींना गाठा. कोपऱ्याकोपऱ्यावर स्टूल टाकून बसते ती बाई. खड्डा सोडत नाही, कुत्रं सोडत नाही, सगळ्याचं चित्र काढते. खिशात पाना घेऊन हिंडते. चित्रकार आहे की मेकॅनिक, देव जाणे!"

म्हणून साहेब इथे आले होते.

"आधी आत या आणि पाणी प्या," छापमावशी म्हणाल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, पण हात कसे चपळ! खोलीच्या मधोमध मोठं चाक लावलेलं रुळाचं यंत्र होतं. मावशींनी पान्यानं त्याचा नट आवळला. "दाब कमीजास्त करायला लागतो हा. पत्र्यावर सुईनं चित्र कोरायचं, शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद अंथरायचा आणि रुळाखालून काढायचं. उलटं कोरायचं, मग सुलटं उमटतं."

साहेबांचं लक्ष कुठे होतं? ते भिंतीकडे बघत होते. पंक्चरवाल्याचं दुकान, बाहेर टायरांची चळत. बसथांब्यावर आडवं झालेलं कुत्रं. खड्ड्यातल्या पाण्यात पडलेली विजेच्या तारांची सावली. आणि प्रत्येक चित्रात, कुठेतरी कडेला, खांबावर एक पाटी! खाली पेन्सिलीनं तारीख.

"ही शाळेजवळची! ही पुलाची!" जत्रेत हरवलेली पोरं सापडावीत तसे साहेब एकेकीपुढे उभे राहत होते. जाता जाता तिरकी झालेली फ्रेम सरळही करत होते. वाकडं टांगलेलं काही त्यांना बघवत नसे. पाहुणे म्हणून गेले तरी लोकांचं कॅलेंडर सरळ करून यायचे.

"मावशी, चित्रं गोल आणि तिकोनी का हो?"

"कागद चौकोनी असतो म्हणून काय चित्रानंही चौकोनी असावं? तुमचे डोळे आहेत का चौकोनी?"

साहेब हसले. दोन दिवसांत पहिल्यांदा. का कुणास ठाऊक, ही चित्रं बघताना त्यांना अगदी घरच्यासारखं वाटत होतं.

"आणि सगळ्या चित्रांत हे दोन पांढरे ठिपके? एक वर, एक खाली?"

"वरचा आमच्या ह्यांचा. ते वर गेलेत ना. खालचा माझा. मी अजून खालीच आहे."

साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी विषय बदलला. "अकरा झाली. चौकातली राहिली."

"ती ही बघा. आजच छापलीय. हात लावाल तर फटका देईन, शाई ओली आहे."

दोरीवर एक चित्र टांगलं होतं, आठ कोनांचं. चौक, भाजीची हातगाडी, हॉर्न दाबणारा रिक्षावाला, आणि कोपऱ्यात पाटी. साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते मटकन स्टुलावरच बसले.

"वाचलो, मावशी! पण नेतं तरी कोण हो ह्या पाट्या?"

"नेईना का कुणी. वाचतं कोण त्या? मी मात्र बघते बरं. तुमच्या पाट्या माझ्याइतक्या निरखून कुणी बघितल्या नसतील. आणि पत्रा काय छान वापरता हो! गंजत नाही, वाकत नाही, कसा गुळगुळीत!"

साहेब लाजले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या पत्र्याचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

शाई वाळेस्तोवर दोघांनी चहा घेतला. मग मावशींनी बाराही चित्रं पुठ्ठ्यात बांधून दिली, पैशाचं नाव काढू दिलं नाही. "उद्या ताठ मानेनं जा. आणि नव्या पाट्या लावाल ना, तेव्हा मला आधी सांगा. मी येते स्टूल घेऊन."

"पहिलं तुम्हालाच सांगतो!" साहेब वाकून पायाच पडले.

मावशी कपबशा घेऊन आत गेल्या. साहेब पुठ्ठा छातीशी धरून निघाले. आता उद्या तो मोठा साहेब काय बोलतो तेच बघू! दारापाशी भिंतीला काही पत्रे टेकवून ठेवले होते, चित्राची बाजू बाहेर. सर्वांत पुढचा आठ कोनांचा, नुकताच पुसलेला, वर एक भोक, खाली एक भोक. आणि जरासा तिरका.

तेवढा सरळ करून जावं म्हणून साहेबांनी हात लावला. पत्रा घसरला आणि धाडकन जमिनीवर पालथा पडला.

"काय पडलं हो साहेब?" आतून मावशींचा आवाज आला.

साहेब पत्रा उचलायला खाली वाकले. पत्र्याची मागची बाजू लालभडक होती. कडेला त्यांच्याच हस्ताक्षरात बारा नंबर टाकलेला होता, आणि मधोमध पांढरी, ठसठशीत अक्षरं होती : थांबा.