कोपीचं पॅनल

बारामतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सौरघरांच्या आराखड्यांची तोंडी परीक्षा चालू होती. बहुतेक मुलांनी बंगले काढले होते. शेवटच्या वर्षातल्या सुवर्णाने मात्र ऊसतोड कामगारांची कोपी काढली होती, इंदापूर रस्त्याला कारखान्याच्या तळावर असतात तशी. वर पाचटाचं छप्पर, बाहेर बांबूवर पॅनल, आत दोन दिवे आणि एक पंखा. मुक्काम हलला की सगळं उचलून बैलगाडीत टाकता येईल असं.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कागद बाजूला सारला.

"विषय घराचा आहे. ह्याला ना पाया, ना भिंत. उद्यापर्यंत दुसरं काढून आण, नाहीतर नापास करीन."

"न्हाय काढणार, सर."

तिच्या मार्गदर्शक सरांनी तिला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. परीक्षकांचा आवाज चढला.

"अगं, असल्या झोपडीत दिवा लावून कोण अभ्यास करणार आहे?"

सुवर्णाने कागद उचलून पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला.



"मी केलाय, सर. चारही वर्षं, मोबाइलच्या उजेडात. आता खुशाल करा नापास."